भिंतीकडे सहा, दाराकडे चार

फिटर आणि प्रयोगशाळेचे साहेब सख्खे साडू होते आणि त्यांचे पटत नव्हते, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होते. घरी एकमेकांना टाळायचे आणि कामावर एकमेकांना टोचायचे, असा संसार एकतीस वर्षे चालला.

फिटरचे काम पोलादी पिंपाचे. त्यातली हवा पार शोषून घ्यायची, आत नायट्रोजनची बारीक धार सोडायची. तिच्यावर लेझरचा झोत पडला की रेणूंतून इलेक्ट्रॉन उखडतात आणि तबकडीवर आदळतात; प्रत्येक आदळण्याचा एक ठिपका चौकटी आखलेल्या पडद्यावर उमटतो. प्रकाशाला वजन नसते, पण धक्का असतो. उखडताना तो इलेक्ट्रॉनला पुढे ढकलतो. किती, तेच मोजायचे होते. साहेबांचे गणित सांगे, मागे उरलेला जड रेणू बहुतेक धक्का गिळतो, इलेक्ट्रॉनच्या वाट्याला पडद्यावरची तीन घरे येतील. ठिपक्यांचा ढग निघाला सहा घरे सरकलेला. भिंतीकडे, झोतही तिकडेच जात होता.

आता चूक कुणाची? गणिताची कशी असेल! साहेबांनी फिटरच्या फायलीत शेरा लिहिला: ‘तबकडी जागची सरकलेली. बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा.’ फिटरच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

घरी बायको वाटच बघत होती. “ताईचा फोन होता. भावजी म्हणाले म्हणे, जाता जाता घाण करून चालले.”

“तुझ्या भावजींना सांग, नट कुठल्या बाजूला आवळतात ते आधी शिका.”

“मी का सांगू? तुमची वाचा बसलीय?”

वाचा बसली नव्हती. सकाळी तो थेट साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला.

“झोत उलट्या बाजूने सोडा. खोट तबकडीत असेल तर ढग भिंतीकडेच राहील. प्रकाशाने ढकललं असेल तर दाराकडे पळेल.”

“आता तुम्ही मला पदार्थविज्ञान शिकवणार?”

“छे! तुम्हाला शिकवून कुणाचं भलं झालंय?”

साहेबांचे कान लाल झाले. “लावा उलटा. पडा सगळ्यांसमोर तोंडघशी.”

आरसे हलवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडद्यापुढे जमले. ढग दाराकडे गेला होता. पण सहा नाही, चारच घरे.

साहेब टाळी वाजवायचेच बाकी होते. “सहाचे चार! म्हणजे तबकडी सरकलेलीच!”

“सरकलीय. एक घर,” फिटर म्हणाला. “भिंतीकडचे सहा आणि दाराकडचे चार, यांचा मध्य शून्यावर हवा होता. तो एक घर भिंतीकडे आहे. ते एक माझं. दोन्हीकडून प्रकाशाने ढकललंय पाच. तुमचे तीन कुठे गेले, ते तुम्ही शोधा.”

कुणीतरी खोकले. साहेबांनी फाईल ओढली आणि शेऱ्यावर काट मारायला पेन काढले. फिटरने कागदावर बोट ठेवले.

“सगळं नका खोडू. ‘निष्काळजीपणा’ खोडा. ‘एक घर सरकलेली’ लिहा. आणि खाली लिहा, गणित दोन घरं चुकलं.”

“माझं गणित तुमच्या फायलीत कशाला?”

“तुमच्या फायलीत कोण लिहिणार? म्हणून माझ्या.”

साहेबांनी लिहिले, कागद फाटेल इतके दाबून. फिटरने ते दोनदा वाचले, खाली सही केली आणि पाना घेऊन पिंप उघडायला गेला. एक घर सरकवायचे राहिले होते.