सानितमास्तरांचा गांजाचा वर्ग

सानितमास्तरांनी मला चौथीत दोन वर्षं बसवलं होतं, त्यामुळे त्यांच्याविषयी मी निःपक्षपातीपणे लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी थायलंडमधल्या आमच्या रोई-एटकडच्या गावात ते समोरून आले की मोठी माणसंही शर्टाची बटणं चाचपतात.

सरकारनं घरी गांजा लावायला मोकळीक दिली, त्या वर्षी मास्तरांनी रीतसर नोंद करून सहा रोपं आणली. कारण होतं त्यांच्या बायकोचा, लाम्दुआनकाकूंचा गुडघा. काकूंना उकिडवं बसून कोशिंबिरीची कच्ची पपई कुटता येईना, पहाटे भिक्खूंना भात वाढायलाही त्या खुर्ची घेऊन बसू लागल्या. गावचे वैद्य म्हणाले होते, "फुलं आणा, चोळायला तेल करून देतो." मास्तरांनी झोपायची खोली रिकामी केली. घरातला एकुलता एक एसी तिथेच होता, तो रोपांना मिळाला आणि नवराबायको ओटीवर झोपू लागले. दिवे आणि ते आपोआप लावणारं-विझवणारं घड्याळ मी बसवून दिलं. गावात वायरिंगचं काम मीच करतो.

रोपं वाढवायची तर अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार. झाडं भरली की उजेड बारा तासांवर आणायचा, मग ती फुलावर येतात. वाढीला दोन महिने पुष्कळ होतात. मास्तरांचा सातवा महिना चालू होता.

काळजी मात्र दृष्ट लागावी अशी. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. दांडे बळकट व्हावेत म्हणून छोटा पंखा, तोही आळीपाळीने सगळ्यांकडे वळवलेला. शेंडे खुडणं, फांद्या दोरीनं वाकवून बांधणं, आणि रोज सकाळी वहीत एकेका झाडाची प्रगती. "काय तीन नंबर, झोप झाली ना नीट?" असं विचारताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. मला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

"मास्तर, आता बारावर आणू का?" मी दर महिन्याला विचारायचो.

"अजून कच्ची आहेत रे. पाच नंबरची ती खालची फांदी बघ, किती मागे राहिलीय."

"झाडं दिव्याला टेकली, मास्तर."

"म्हणून तर शेंडे खुडतोय. तुला घाई फार. तेव्हाही होती."

एकदा दुपारी मास्तर विहारात गेलेले पाहून काकूंनी मला हाक मारली. "बुन्मा, ते घड्याळ बारावर कर."

"अहो काकू, मास्तर मला..."

"काय करतील? पुन्हा चौथीत बसवतील? त्रेचाळीस वर्षांचा घोडा झालास की!"

मी केलं. दोनदा दाराकडे बघून घेतलं, खोटं कशाला बोलू? मास्तर साडेसातलाच घोरू लागतात, आणि खोलीत जातात ते सकाळी न्याहारी आटोपून, आठनंतर. बंद खोलीतले दिवे रात्री आठला विझतात हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी ओटीवरची जुनी वायर बदलत होतो, तेवढ्यात मास्तर ओरडतच बाहेर आले.

"फुलं! सहाच्या सहा फुलावर आलीत! कुणी केलं हे?"

मी वायरीत तोंड खुपसलं.

"मी," काकू म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून चवळीच्या शेंगा चिरत होत्या.

"अगं, थोडी कळ काढायला काय झालं होतं? हे सगळं कुणासाठी करतोय मी? तुझ्या गुडघ्यासाठीच ना?"

काकूंनी सुरी खाली ठेवली. "कुठल्या?"

"म्हणजे?"

"कुठला गुडघा दुखतो माझा?"

सहा झाडांची फांदी न् फांदी पाठ असलेला हा माणूस काकूंच्या एका पायाकडे बघत होता, मग दुसऱ्याकडे. काकूंनी घाई केली नाही. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती, मला मजा यायला हवी होती. पण कीवच आली.

"उजवा," मास्तर शेवटी म्हणाले.

"डावा," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा चिरू लागल्या.