खोडलेलं श्री

त्या अर्जाची आठवण निघाली की अजूनही मला आधी त्याचा वरचा कोपरा दिसतो.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. चेन्नईत अंबत्तूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. माझी घरची मराठी तंजावरची. ही लिहिण्याची मराठी मी पुढे पुस्तकं वाचून कमावली. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच शेजारच्या नगरपालिकेकडून एक निनावी तमिळ अर्ज चौकशीसाठी आला. बांधकामांचा दर्जा तपासणाऱ्या तिथल्या अभियंता बाईंची पदवी खोटी आहे, असा आरोप होता. पदवीवर नावाला 'बाई' जोडलेलं, नोकरीच्या कागदांवर ते नाही. म्हणजे पदवी दुसऱ्याच कुणाची.

शेवटची ओळ मात्र भलतीच होती. 'तिला त्या खुर्चीवरून हलवावे, पण ठाण्यात फार वेळ बसवू नये. तिला भूक सोसत नाही.'

आमच्या हेड कॉन्स्टेबलने ते वाचून डोकं खाजवलं. "सार, हा वैरी आहे की आई?"

मी हसलो, पण प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. एका शाळेला लागून पाण्याची नवी टाकी उभी राहिली होती. तिच्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे यंत्राखाली फार लवकर फुटले, म्हणून बाईंनी टाकीला दाखला नाकारला होता. आठ दिवसांत आरोप निकाली निघाला नाही, तर त्यांचं काम एका कारकुनाकडे जाणार होतं. माणूस सज्जन असेल, पण काँक्रीटचा त्याला गंध नव्हता. सही मात्र झरझर करायचा.

बाई आल्या त्या मूळ पदवी आणि गुणपत्रिका पिशवीत घेऊनच. नावातल्या 'बाई'वरून त्या आमच्यासारख्याच तंजावरच्या मराठी असाव्यात असं वाटून मी घरच्या मराठीत विचारलं, तसा त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"शाळेंत नावाला बाई होतं, सार. ऑफिसांत क्लार्कानं सोडून दिलं. मी तेव्हां लक्ष नाही दिलों."

आमच्यात बायकांच्या नावाला बाई आणि पुरुषांच्या नावाला राव लागतं. तमिळ कारकुनाला ते शेपूट वाटतं आणि तो ते छाटतो. माझ्या मावशीचं 'बाई' असंच हरवलं. विद्यापीठाकडून पदवीचा खरेपणा तीन दिवसांत कळला.

तिथेच फाईल बंद करता आली असती. पण अर्ज लिहिणाऱ्याला हे शेपूट ठाऊक कसं? टाकीच्या ठेकेदाराच्या मुकादमाला मी ठाण्यात दोन तास बसवलं. त्याला बाईंचं पूर्ण नावही सांगता येईना. मग मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमला, बाईंच्या घरी गेलो.

बाई कामावर होत्या. घरी त्यांचे वडील, निवृत्त शिक्षक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलीला त्यांनीच वाढवलं. त्यांनी कॉफी दिली. मुलीच्या शिक्षणाचा जबाब स्वतःच्या हाताने लिहून द्या, असं मी सांगितलं. त्यांनी कागद सरळ केला, वरच्या कोपऱ्यात देवनागरीत बारीकसं श्री काढलं आणि मग खाली तमिळ सुरू केलं.

माझे आजोबा वाण्याची यादीसुद्धा श्री काढूनच लिहायचे. मी अर्ज काढला. त्याच्या कोपऱ्यात शाईने गिरगटलेलं काहीतरी होतं. कागद उलटा करून उजेडात धरला. तेच श्री.

"मास्तर, हे खोडलंत कशाला?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"दोघं आलते," ते म्हणाले. "'तुमची मुलगी पार्क स्टेशनाला उतरून, रस्ता ओलांडून सेंट्रलला दुसरी गाडी धरायला जाती. तेथें लॉऱ्या फार,' म्हणून सांगटले. तिला सांगटलों तर ती ऐकणार नाही. नोकरी गेली तर जाऊं दे, मुलगी घरीं येईल, म्हणून लिहिलों."

मला राग यायला हवा होता. पण मलाही मुलगी आहे. त्यांच्या हातावर मी हात ठेवला.

"तिला सांगूं नका, सार."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

बाई संध्याकाळी आल्या. मास्तरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. डोळे भरले, पण आवाज चढला नाही.

"अप्पा, टाकीखालीं पोरं खेळतांत," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "सकाळपासून जेवलांत की नाही?"

मास्तरांनी दुसरा जबाब दिला आणि धमकी देणारे ओळखले. त्यातला एक तोच मुकादम निघाला. माझ्यासमोर दोन तास साळसूदपणे बसलेला! त्याचा मला आजही संताप येतो. दोघांवर गुन्हा दाखल झाला. टाकी पाडून पुन्हा बांधली गेली, आणि दाखला बाईंच्याच सहीने निघाला.

तपासणाऱ्याची पदवी आम्ही तपासतो, कुणी त्याला विकत घेतलं का ते पाहतो. त्याच्या घरी जाऊन कोण काय बोलून गेलं, हे विचारायचं माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. तपासणाऱ्याच्या हिमतीला घरच्यांची माया पुरून उरते, आणि धमकावणाऱ्यांना ते बरोबर कळतं. पुढे अशा प्रत्येक चौकशीत मी आधी घर गाठलं.

नावाचा घोळ मिटवायला मास्तरांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं. ही माझीच मुलगी, ही पदवी तिचीच, असा मजकूर. टंकलेखकाने कागद पुढे केला तेव्हा मास्तरांनी सही करायच्या आधी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"वर लिहूं का?"

"लिहा, मास्तर."

त्यांनी छापील ओळींच्या वर, चांगलं मोठं, श्री काढलं.