ढब्बूचे गेलेले अठ्ठावन्न किलो

ढब्बूच्या दुकानात खुर्ची विकायची एकच रीत होती. गिऱ्हाईक आलं, खुर्चीचे पाय हलवून बघायला लागलं, की ढब्बू म्हणायचा, "सरका जरा." मग दोन पावलं मागं जायचा आणि खुर्चीवर असा बसायचा की शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबायचा. धप्प! खुर्ची हूं की चूं करायची नाही.

"एकशे बेचाळीस किलो," ढब्बू बसल्या बसल्या सांगायचा. "आता तुम्ही बसा. तिला कळणारही नाही कोणी बसलंय म्हणून."

गिऱ्हाईक हसायचं आणि एकाच्या जागी चार खुर्च्या सांगून जायचं.

खुर्च्या खरंच चांगल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नंतर लोक म्हणायला लागले की सगळी जादू वजनाचीच होती. काहीही! सांधा बसवावा तर ढब्बूनं. एक खिळा नाही, एक पाचर नाही, आणि वीस वर्षांत एक खुर्ची परत आलेली नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं एक मोडून दाखवावी.

पण एकशे बेचाळीस किलो खुर्च्यांचीच परीक्षा घेत नव्हते. गुडघ्यांचीही रोज घेत होते, आणि गुडघे नापास व्हायला लागले. साखर वाढली. झोपेत श्वास अडकायचा तो बायको कोपरानं ढोसून पुन्हा चालू करायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पोट लहान करू. ढब्बू म्हणाला, "करा. फक्त उरलेलं वाया घालवू नका, चांगलं लाकूड आहे."

ऑपरेशन झकास झालं. आठ महिन्यांत अठ्ठावन्न किलो गेले.

"म्हणजे घरातून एक अख्खी नणंद गेली म्हणायची," बायको म्हणाली.

ढब्बूची धाकटी बहीण दुकानात पॉलिशचं काम करायची. ती ब्रश वर करून म्हणाली, "वहिनी, मी त्रेपन्न आहे! पाच किलोचं दुसरं कोणीतरी शोध."

सगळे खूश. गल्लीत पाऊल टाकलं की कौतुक सुरू. "वा, ओळखूच येत नाही!" ज्याला ओळखू येत नाही त्याच्याशी इतकं बोलायचं तरी कशाला, असं ढब्बूच्या मनात यायचं. पण तो हसायचा. दवाखान्यात तर कहरच होता. डॉक्टरांनी बाहेरच्या भिंतीवर त्याचे दोन फोटो लावले होते, आधीचा आणि नंतरचा. नवे पेशंट आधी फोटोकडे बघायचे, मग त्याच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. सिस्टर म्हणायची, "आला आमचा हिरो!" आत डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" ढब्बू म्हणायचा, "एकदम मस्त."

मस्त कसलं डोंबलाचं.

पहिला तडाखा दुकानातच बसला. एक बाई सहा खुर्च्या बघायला आल्या. ढब्बू जुन्या सवयीनं म्हणाला, "सरका जरा," दोन पावलं मागं गेला आणि बसला. आवाजच झाला नाही. वस्तरा चालूच राहिला. बाई म्हणाल्या, "बरं. मग?"

मग काय, कप्पाळ! त्या दिवसापासून ढब्बू गिऱ्हाइकासमोर बसेनासा झाला. मग बोलेनासा झाला. मग दुकानात उशिरा यायला लागला. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "अशक्तपणा आहे." गोळ्या घ्यायला विसरायचा. चार चमचे सूप पुढं ठेवलं तर वाटीकडे असा बघायचा, जसं काही वाटीनंच त्याचं वाटोळं केलंय.

आणि एका अर्थी खरंच होतं ते. आयुष्यभर ढब्बूला राग आला की तो खायचा. आनंद झाला की खायचा. सासुरवाडीचं कोणी आलं की दोन्ही कारणांनी खायचा. आता पोट मुठीएवढं. राग मात्र पहिल्याच मापाचा. तो ठेवायचा कुठं, हे कोणी सांगितलं नव्हतं. बरं, तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं? गुडघे चालतात, साखर उतरली, भिंतीवर फोटो आहे. लोक म्हणतील, याला सुख टोचतंय.

काही जण तसं म्हणालेही. "बारीक झाला आणि आळशी झाला." ढब्बूला आळशी म्हणणाऱ्यानं आधी त्याच्यासारखी एक खुर्ची करावी, मग तोंड उघडावं.

त्यातच वाचनालयाचं काम आलं. चाळीस खुर्च्या. ढब्बूनं महिनाभर कशाबशा केल्या. पण द्यायची वेळ आली तसा अडून बसला. "यांच्यावर मी बसलेलो नाही."

"मग बस की," बहीण म्हणाली.

"बसून काय उपयोग? चौऱ्याऐंशी किलोचं कोणीही बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधकामावरून वाळूची तीन पोती घेऊन आला. पंचवीसची दोन, आठाचं एक. काट्यावर नीट तोलून घेतलेली. खुर्चीवर बसला आणि बहिणीला म्हणाला, "ठेव मांडीवर."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"ठेव म्हणतो ना."

तिनं दात-ओठ खात एकेक करून पोती ठेवली. दोन मांडीवर, एक पोटाशी. खुर्ची हूं की चूं करेना. "पास," ती म्हणाली. "ऊठ आता, पुढची."

ढब्बू उठेना. त्यानं दोन्ही हातांनी पोत्यांना मिठी मारली होती आणि डोळे मिटले होते. चेहरा असा शांत, की कित्येक महिन्यांत कोणी तसा पाहिला नव्हता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बहिणीनं एका खुर्चीला पॉलिश केलं, दुसरीला केलं. हा आपला वाळूला कवटाळून बसलेला.

तेवढ्यात बायको सूपचा डबा घेऊन आली. दारातच थांबली.

"अहो! कापून काढायला एवढी यातायात केली आणि आता पोत्यात भरून परत मांडीवर?"

ढब्बू हसला. खदाखदा हसला. पोती हलायला लागली. मग हसता हसता कधी रडायला लागला ते त्यालाही कळलं नाही. बहिणीला कळलं, कारण तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि डोकावणाऱ्या न्हाव्याला म्हणाली, "काका, तुमचं गिऱ्हाईक अर्धवट भादरलंय. पळा."

"तेव्हा मी कोण आहे ते मला माहीत होतं," ढब्बू म्हणाला. "आता सगळे म्हणतात छान झालं. मला वाटतं मी मेलोय आणि लोक पार्टी करतायत. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

ब्रशवरून पॉलिशचा थेंब बहिणीच्या पायावर पडला तरी तिनं पुसला नाही.

बायकोनं डबा खाली ठेवला. आवाज सांभाळून म्हणाली, "डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"तिथं माझा फोटो आहे अगं."

"फोटो बरा आहे हो. तुम्हाला बरं नाही."

मग ती त्याच्यासमोर बसली आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?"

"करायचं असं नाही," तो म्हणाला. "पण नसतो तरी चाललं असतं, असं येतं."

"मला नसतं चाललं," बायको म्हणाली. "उठा. आत्ताच्या आत्ता."

पोती उतरवायला दोघी लागल्या.

दवाखान्यात नेमका एक नवा पेशंट बसलेला होता. शाळामास्तर, दीडशेच्या घरातला. हातात कागद, कपाळावर घाम. त्यानं फोटोकडे बघितलं, ढब्बूकडे बघितलं आणि चेहऱ्यावर तो ठरलेला उजेड आला. "तुम्हीच ना ते? नंतर सगळं छान होतं ना हो?"

सिस्टर काउंटरवरून ओरडली, "सांगा हो हिरो, घाबरलेत ते!"

ढब्बूनं तोंड उघडलं. 'एकदम मस्त' जिभेच्या टोकावरच होतं, नेहमीसारखं. बायको त्याच्याकडे बघतही नव्हती, पण तिनं त्याची बाही धरून ठेवली होती. 'मस्त' म्हटलं तर तसंच घरी जायचं आणि भिंतीकडे तोंड करायचं, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"गुडघे छान होतात," तो म्हणाला. "साखर उतरते. ऑपरेशन करू नका असं मी म्हणणार नाही. पण माझं मन पार बसलंय मास्तर. तेच सांगायला आलोय. तुम्ही आधीच विचारून घ्या."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहून घेतलं. सिस्टरनं 'हिरो' परत म्हटलं नाही. तिनं त्याला रांग मोडून आत सोडलं.

आत डॉक्टरांनी सगळं ऐकलं. झोप, भूक, गोळ्या, सकाळचं ते. मग म्हणाले, "या ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांना होतं. याच्यावर इलाज आहे. तुम्ही सांगायला उशीर केलात एवढंच."

ढब्बू भडकला. "मग आधी सांगायचं नाही का?"

डॉक्टरांनी फाइल उलटी करून एक कागद पुढं केला. सगळं लिहिलेलं होतं, खाली ढब्बूची सही होती.

"त्या दिवशी यांचं लक्ष ऑपरेशनच्या आदल्या रात्री शेवटचं काय खायचं याच्याकडे होतं," बायकोनं खुलासा केला.

डॉक्टरही थोडे ओशाळले. "मीही फक्त वजनच विचारत राहिलो," म्हणाले. त्यांनी रक्त तपासायला दिलं, गोळ्या बदलल्या आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंची दर आठवड्याची वेळ ठरवून दिली. डोक्यात काही वेडंवाकडं आलं तर तडक यायचं, वेळ बघायची नाही, असंही बजावलं.

ढब्बू पहिल्यांदा कुरकुरत गेला. "बसायचं आणि बोलायचं, हा काय इलाज झाला?" दुसऱ्यांदाही कुरकुरला. तिसऱ्यांदा बाहेर आला तो पाऊण तास जास्त लावून. कोण म्हणेल सगळं ठीक झालं? नाही झालं. अजूनही एखाद्या दिवशी तो दुपारपर्यंत उठत नाही, आणि त्या दिवशी बहीण दुकान उघडून गिऱ्हाइकाला दरडावते, "दादाला बरं नाही. पाय मोडला असता तर विचारलं असतंत का, कधी येणार म्हणून? उद्या या."

फरक एवढाच पडलाय की तो आता गप्प राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जे वाटेल ते रोज घरात कोणाला तरी सांगायचं. घरात कोण? बायको. ती सकाळी कामावर जायच्या घाईत, केसांत कंगवा अडकलेला.

"आज कसं वाटतंय?" ती विचारते.

"वाईट. पण कालच्यापेक्षा वेगळं वाईट."

"म्हणजे कसं?"

"काल दगडासारखं होतं. आज ओल्या लाकडासारखं आहे. जड आहे, पण…"

"अहो, मला साडेआठला पोचायचंय. उठा, दात घासा आणि घासता घासता सांगा."

आणि तोंडात फेस घेऊन तो सांगत राहतो. ती दारात चपला घालून, एक शब्द कळत नसताना, सगळं ऐकून घेते.