या खेपेला पूर्ण तिकीट यांचं

नगरला देवदर्शनाला पुष्कळदा गेलो, पण या खेपेला निघालो ते यांच्या नसबंदीसाठी. माझे दोन सिझर झालेले, आतून चिकटलेलं. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल आणि पोटाचं ऑपरेशनही धोक्याचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे करायचं तर यांनीच. हे नुसतं 'बघू' म्हणत. सासूबाई स्पष्टच बोलल्या, "कर्त्या मानसाला खच्ची करून आनायचा व्हय? बाईमानसाचं काम हाय ते."

मी देवापुढं साखर ठेवली आणि पिशवी भरली.

काष्टीहून सकाळची एसटी धरावी, बसायला जागा मिळते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यावी. स्टँडवरचा वडा महाग आणि तेलकट. बायकांना अर्धं तिकीट. ते बघून हे म्हणाले, "तुमचं बरंय, अर्ध्यात भागतं."

"दोन्ही पोरींच्या वेळी माझं पूर्णच लागलं होतं, अहो."

हे खिडकीतून उसाकडं बघू लागले. मांडवगणला चहाला गाडी थांबली, तिथं उतरले ते चढेचनात. समोर काष्टीची परतीची गाडी उभी होती, हे तिच्याकडंच बघत होते. मी डोळे मिटून नाम घेऊ लागले.

"ओ पावनं, यायचंय का न्हाई?" कंडक्टर ओरडला.

शेजारची सीट दबली, तेव्हा डोळे उघडले.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. जाणाऱ्यांनी आधार कार्ड आणि घट्ट लंगोट आठवणीनं न्यावा. आत बोलावलं तसं यांनी डॉक्टरांना विचारलंच, "सायेब, मी काष्टीच्या बैलबाजारातला मानूस. खच्ची केलेला बैल मी लांबनं वळखतो. मला बी लोक तसंच वळखतील का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बैलाची विहीरच बुजवतात, दादा. आपण नुसतं पाटाचं दार लावायचं. विहीर तशीच, जोर तसाच."

"मंग लगेच मोकळं?"

"नाही. पाटात साचलेलं पाणी वाहून जायला वेळ लागतो. तीन महिने निरोध वापरा, मग वीर्य तपासून घ्या. तोवर भरवसा नाही."

बरं झालं विचारलं. मी तर त्याच दिवशी सुटले असं धरून चालले होते.

मी बाहेर बाकावर पोथी उघडली, एक अध्याय संपला नाही तोच हे जपून पावलं टाकत बाहेर आले. "भूल देताना टोचलं, बास. लई उगाच घाबरलो." येताना पुढची सीट धरली, मागं दणके फार बसतात.

घरी सासूबाईंनी यांना दूध दिलं, माझ्याशी मात्र चकार शब्द नाही. सकाळी हे सवयीनं डेअरीचा कॅन उचलायला वाकले, तशा त्या ओट्यावरून ओरडल्या, "ठेव तो! टाका तुटंल."

"टाका नाही घातला, आत्या. पण वजन उचलू नका म्हणालेत."

त्या ओट्यावरून उतरून कॅनपाशी आल्या. "माझं पोरं बंद करायचं आपरेशन झालं तवा मला हुते टाके. ओले असताना कांदे खुरपायला गेल्ते. तुझा सासरा बाजारात हुता. त्याला कुनी इचारलंच न्हाई."

मग पदर खोचून कॅनची एक कडी धरली आणि म्हणाल्या, "बघती काय? धर तिकडनं."