नव्या खिडकीतला जुना पत्ता

संत्र्याची साल नखाने काढली की मला अमरावतीचं ते ऑफिस आठवतं. संत्र्यांच्या लिलावाचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं काम आमच्याकडे होतं. त्या दिवशी ते भाव मोबाइलपर्यंत पोचवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता बदलला. मी टीमक्समध्ये, म्हणजे एकाच काळ्या पडद्यावर अनेक खिडक्या देणाऱ्या प्रोग्राममध्ये, एका खिडकीत नवा पत्ता व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, भरला आणि नवी खिडकी उघडून भाव सोडले. ते जुन्याच पत्त्यावर गेले. लिलाव सुरू झालेला, फोन खणखणतायत, आणि मी चिडून खिडकीवर खिडकी उघडतोय. अकोल्याहून रोज रेल्वेने येणारी सहकारी संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाली, "काहून तापून राह्यला रे? नवी खिडकी बाजूच्या खिडकीले इचारत नाई. टीमक्स सकाळी सुरू झाला तवा त्याले जे माईत होतं, तेच तो सगळ्याइले देते." तिने टीमक्सलाच नवा पत्ता सांगितला, पुढच्या खिडकीतून भाव बरोबर गेले. परवा किती वर्षांनी अमरावतीत उतरलो आणि गाववाल्याच्या तोऱ्यात ऑटोवाल्याला घराचा रस्ता सांगू लागलो. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, तो रस्ता बंद होऊन जमाना झाला. तुमाले कोनी सांगतलं नाई?"