मिठाचा दुसरा उल्लेख

सुरतेत मामलतदार कचेरीबाहेर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यात वकिलांनाही क्वचितच काही बदलावे लागते, हे नमूद करणे आवश्यक वाटते. लोक एकच गोष्ट तीनदा सांगतात. त्यांपैकी दोन वेळा मी गाळतो, कारण पुनरुक्ती दिसली की साहेब पुढचे वाचत नाहीत.

मागील हिवाळ्यात पत्नीस टायफॉइड झाला. ताप उतरला, परंतु तोंडाची चव गेली ती परतेना. चार दिवस ती चहा आणि शेजारणीने दिलेल्या दोन घोट पेजेवर होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "उद्या सकाळपर्यंत पोटात नीट जेवण गेलं नाही, तर दाखल करून सलाईन लावावं लागेल."

दुपारी ती भिंतीकडे तोंड करूनच तिच्या अहिराणीत म्हणाली, "मासाना रस्सा व्हई ते खासू."

सुरतेच्या उधना भागात एका खोलीत आम्ही दोघेच राहतो, आणि मी तोवर चहापलीकडे काही शिजवलेले नव्हते. तिने पडल्या पडल्या कृती सांगितली आणि मी ती मुद्दे घालून लिहून घेतली. तुकड्यांना मीठ चोळून ठेवणे. ते स्वच्छ धुणे. कांदा, सुके खोबरे, लसूण भाजून वाटणे. वाटण तेलात परतून त्यात हळद, काळा मसाला व पाणी घालणे. उकळी आल्यावर तुकडे सोडून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवणे. तिच्या सांगण्यात मीठ दोनदा आले होते. दुसरा उल्लेख मी गाळला. कागद सुटसुटीत झाला.

बाजारात पापलेटकडे न वळता मी कटला मागितला. तो स्वस्त असतो, आणि त्याचे मोठे काटे आजारी माणसाला सहज काढता येतात. चष्मा कपाळावर चढवून मी कल्ल्यांचा रंग तपासत होतो.

"काका, मासा घेताय का त्याची सही तपासताय?" मासळीवाली म्हणाली. शेजारच्या दोघी हसल्या. मी चष्मा नाकावर ओढून मासा तोलायला दिला.

स्वयंपाक कागदाबरहुकूम झाला. रश्शाला तवंग आला, रंगही योग्य उतरला. कोपऱ्यावरच्या खानावळीतून भाकरी आणल्या, पत्नीला उशीशी टेकवून बसवले आणि वाटी पुढे धरली. तिने एक घोट घेतला व वाटी खाली ठेवली.

"यामा मीठ नही."

"मीठ आहे. पहिल्याच मुद्द्यात आहे. तापाने तुझी जीभ गेली आहे, म्हणून लागत नाही."

"ते धोवामा गयं ना! रस्सामा टाकानं मी येगळं सांगेल व्हतं."

मी कागद आणून दाखवला. तिने तो हातात घेतला नाही. "मन्हा बी अर्ज करी टाका का तुम्ही?" एवढेच ती म्हणाली.

मी स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन पळीभर रस्सा चाखला. तो निव्वळ अळणी होता. चार दिवसांत पेज खारट झाली की गोड, हे तिला कळले नव्हते. परवा तर मी चहात साखर विसरलो होतो आणि तिने तो मुकाट्याने संपवला होता. आज मात्र एकाच घोटात तिला मीठ कळले होते, म्हणजे चव परतली होती, हे पळी हातात असतानाच माझ्या ध्यानात आले.

मी मिठाचा डबा नेला. तिने स्वतःच्या बोटांनी चिमूट घेतली, वाटीत ढवळली, चाखली, आणखी थोडी घेतली. मग तुकड्याचा काटा काढून भाकरीशी खाल्ला. मी बाजूला उभा होतो.

"हुभा काय ऱ्हायनात? दुसरी भाकर द्या."

दुसरी भाकरी तिने निम्मी खाल्ली. सकाळी डॉक्टरांना हकिगत तिनेच सांगितली. मिठाची बाब तिने दोनदा सांगितली आणि डॉक्टरांनी ती दोन्ही वेळा ऐकून घेतली. दाखल व्हावे लागले नाही.