अर्जेंटिना आमच्याच गल्लीत

चार बायका एकत्र बसल्या की किस्से आपोआप साठतात. आमच्या क्विझ टीमचे तर इतके साठलेत की कुणी चहाला बोलावलं की कप रिकामा होतो, पण किस्से संपत नाहीत.

टीम तिघींची. सुमनवहिनी कॅप्टन, कुंदाताई भूगोलाच्या आणि मी गाड्यांची. या हिंदी बोलणाऱ्या शहरात, अन्नपूर्णा भागात, मराठी घरांची अशी आमची एकच गल्ली आहे आणि गणेशोत्सवात आमच्या मंडळाची क्विझ असते. प्रश्न दिघेकाका विचारतात.

*

मागच्या वर्षी आम्ही शेवटच्या आलो, तो किस्सा असा. दिघेकाकांनी विचारलं, "जगातला सर्वांत महाग मसाला कोणता?"

सुमनवहिनींना उत्तर येत होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तो आधी कोमट दुधात भिजवायचा. गरम दुधात टाकला की वास जातो. आणि काड्या विकत घेताना मुठीत धरून बघायच्या..."

घंटा वाजली. केशर हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

"वहिनी," दिघेकाका म्हणाले, "उत्तर विचारलं होतं, खीर नाही."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. पुन्हा शेवटच्या आलात तर बायकांची टीम बंद, म्हणाले. तुम्ही आपलं प्रसादाचं बघा.

"प्रसाद आम्ही करतोच," सुमनवहिनी म्हणाल्या. "पण स्टेज सोडणार नाही."

त्या दिवसापासून रोज दुपारी तयारी सुरू झाली.

*

कुंदाताईंना राजधान्या पाठ होईनात. मग त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घराला एक देश वाटून दिला. फाटकासमोरून जाताना राजधानी म्हणायची आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं.

आठवडाभरात सगळी गल्ली हीच भाषा बोलायला लागली. "नेपाळचे लाइट गेले." "केनियात पाहुणे आलेत, आज भेटणार नाहीत." दूधवालासुद्धा विचारायचा, "जपान में आज कितना दूँ?"

सुमनवहिनींनी स्वतःच्या घराला भारत ठेवलं. त्यांच्या भिंतीला भिंत लागून ममताजींचं घर. स्कूटर कुणी कुठे लावायची यावरून दोघींचं बिनसलं होतं आणि बोलणं कधीचंच बंद झालं होतं.

"त्या घराला जेवढा लांबचा मिळेल तेवढा लांबचा देश द्या," सुमनवहिनी म्हणाल्या.

कुंदाताईंनी अर्जेंटिना दिला. त्या फाटकासमोर आम्ही दोघी राजधानी म्हणायचो. सुमनवहिनी समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत पुढे जायच्या.

*

सिनेमाचा विषय सुमनवहिनींनी घेतला. रोज दुपारी एक सिनेमा बघायचा, असं ठरलं. पण दुपारचं जेवण झालेलं असायचं, वर पंखा असायचा, त्यामुळे अर्ध्यावर त्यांचा डोळा लागायचा.

सरावात मी विचारलं, "शेवटी हीरोचं काय होतं?"

"इंटर्व्हलपर्यंत तर ठणठणीत होता."

*

माझा किस्सा गाड्यांचा. मी दहावी शिकलेली, आमच्या घरी फक्त स्कूटर. गाडी ओळखायला शिकायचं तर रस्त्यावर उभं राहणं आलं. संध्याकाळी अन्नपूर्णा रोडला भाजीची पिशवी घेऊन उभी राहायचे. गाडी पुढे निघून गेली की मागचे दिवे बघायचे आणि नाव सांगायचे. कुंदाताई बरोबर-चूक बघायच्या.

एकदा एक गृहस्थ गाडी लावून उतरले. मला मागच्या दिव्याजवळ वाकलेलं बघून म्हणाले, "दीदी, गाड़ी बेचनी नहीं है."

"भिया, मला घ्यायची पण नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त एकदा ब्रेक दाबा."

त्यांनी बिचाऱ्यांनी दाबला.

क्विझच्या दिवशी पडद्यावर गाडीचा फोटो आला. पुढून काढलेला. मी बघत राहिले. ती गाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

"काका," मी म्हटलं, "जरा वळवता का?"

हॉल हसला. आमचा मार्क गेला.

*

तो एक मार्क महागात पडला. शेवटच्या जागेसाठी आमची आणि बँकवाल्यांच्या टीमची बरोबरी झाली. नियम असा की दोन्ही कॅप्टनना एकेक प्रश्न, आपसात बोलायचं नाही. बँकवाल्यांचं उत्तर चुकलं. आता सगळं सुमनवहिनींवर होतं.

दिघेकाकांनी चिठ्ठी उचलली. "अर्जेंटिनाची राजधानी?"

कुंदाताईंनी माझा हात धरला. हॉलमध्ये अख्खी गल्ली बसलेली आणि सगळ्यांना उत्तर येत होतं. सगळे ममताजींकडे बघत होते. त्या दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

सुमनवहिनी खांब शोधत असाव्यात. स्टेजवर खांब नव्हता.

काकांनी घंटेवर हात ठेवला. तेव्हा सुमनवहिनींनी सरळ ममताजींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ब्यूनस आयर्स."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते मी स्टेजवरून नीट पाहिलं. दुसऱ्या रांगेतून सुरू झाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी सुमनवहिनींच्या ओट्यावर चहा घेत होतो. पुढच्या वर्षी गाड्या दोन्ही बाजूंनी शिकायच्या, असं चाललं होतं. इतक्यात भिंतीवरून एक हात आला. हातात झाकलेला डबा होता, त्यातून भुट्ट्याच्या किसाचा वास येत होता.

पलीकडून आवाज आला, "ब्यूनस आयर्स से आया है. डिब्बा लौटाने खुद आना, वीज़ा नहीं लगेगा."

सुमनवहिनींनी डबा घेतला. कीस वाडग्यात काढला, एक घास खाल्ला. डबा धुतला. मग आत गेल्या आणि केशर घातलेल्या श्रीखंडाने तो भरून बाहेर आल्या.

पायरीवर चपला घालताना थांबल्या.

"कुंदाताई," त्यांनी हळूच विचारलं, "तिकडे भाषा कोणती बोलतात हो?"